सत्काराचा तास

समई पेटेना.

दिवेकर काडी ओढायचे, हाताचा आडोसा करून वातीशी न्यायचे आणि छतातल्या एसीचा झोत ज्योत टिपून घ्यायचा. पुन्हा काडी. पुन्हा तेच.

"आज वारा फार सुटलाय," दिवेकर माईकवर म्हणाले. सगळे हसले. हॅलमसाहेबही हसले, कशाला हसायचं ते न कळता.

"एसी बंद करा हो कोणीतरी!"

"त्याची किल्ली वॉचमनकडे असते."

"मग वॉचमनला बोलवा."

"तो जेवायला गेलाय."

मी बायकांच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत होते. शमू मांडीवर होती. तिचं अंग सकाळपासून कोमट लागत होतं; मी दर थोड्या वेळाने तिच्या मानेला हात लावून बघत होते, आणि हात लावून झाला की भिंतीवरच्या घड्याळाकडे. साहेबांनी आम्हाला एक तास दिला होता. त्यातला बराच वेळ समईतच चालला होता.

त्र्याण्णव सालची गोष्ट. हाँगकाँगमधल्या मराठी मंडळाने कौलूनच्या एका शाळेचा हॉल रविवार दुपारपुरता भाड्याने घेतला होता. समईशी झटणारे दिवेकर सूत्रसंचालक. मंडळाचे अध्यक्ष नाना खोपकर, म्हणजे माझे सासरे. प्रमुख पाहुणे हॅलमसाहेब, म्हणजे माझे वरिष्ठ. दोघांची गाठ मीच घालून दिली होती.

चार वर्षांनी इंग्रज हे बेट चीनच्या हवाली करून जाणार होते. जाण्याआधी इथल्या कायदेमंडळाला जरा लोकशाहीचं रूप द्यावं असं त्यांच्या मनात आलं होतं. दीडशे वर्षं आलं नव्हतं, ते आता आलं होतं. कोणत्या धंद्यातल्या माणसांनी कोणत्या जागेसाठी मत द्यायचं, याची आखणी करणाऱ्या साहेबांपैकी एक हॅलम. मी पुण्याची राज्यशास्त्राची एम.ए.; त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले होते. साहेबांना कागदावर सुचत नसे. टेबलावर ते माजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या मांडत. साठ जागांच्या साठ सोंगट्या. त्यात नऊ जागा नव्या, कामकरी माणसांसाठी. खलाशी आणि ट्रकवाले एकीकडे, शिंपी आणि गिरणीवाले दुसरीकडे, हॉटेलातले आचारी तिसरीकडे.

"आणि घर सांभाळणाऱ्या बायका?" मी एकदा विचारलं होतं.

"त्या काम कुठे करतात?" साहेब म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून चहा मागवला.

आठ जागा ठरल्या. नवव्या जागेवर साहेबांनी एक कोरी सोंगटी ठेवली होती, पांढरी, काहीही न कोरलेली. एके दिवशी माझ्या मनातलं मी बोलून टाकलं. म्हटलं, इथेच जन्मलेले पण चिनी नसलेले लोक आहेत. आम्ही, शीख, सिंधी, पारशी, नेपाळी. चीन आम्हाला आपलं म्हणणार नाही, कारण आमचं रक्त चिनी नाही. ब्रिटनने हातात पासपोर्ट दिलाय, पण त्यावर ब्रिटनमध्ये राहता येत नाही. माझ्यासारख्यांनी लग्नानंतर इथलं नागरिकत्व घेतलं, तेव्हा भारताचा पासपोर्ट परत केला. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. तिचा देश कोणता?

"एका जागेने देश मिळत नाही," साहेब म्हणाले.

"त्या जागेवरून लंडनला ऐकू जाईल असं बोलता तरी येईल."

त्यांनी ती पांढरी सोंगटी बोटात फिरवली. "माझ्या मदतनीसाने मागितलं म्हणून मी काही लिहू शकत नाही. तुमच्या लोकांनी मागायला हवं. त्यांच्या तोंडून, चारचौघांत. मसुदा सोमवारी वर जातो. रविवारी मला तासभर वेळ आहे."

मला तेवढंच हवं होतं.

मी घरी आले तेव्हा नाना स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रांगोळीने चांदीची गुलाबदाणी घासत होते. मी बातमी सांगितली. ते हरखले. आणखी जोरात घासू लागले.

"नाना, एक विनंती होती. आधी मागणी मांडू या. सत्कार मागाहून."

"मागाहून?" त्यांचा हात थांबला. "अगं, दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, का गाऱ्हाणं सांगतात?"

"त्यांच्याकडे तासच आहे."

"तास काय थोडा झाला? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, मग माझे दोन शब्द. दोन शब्दांत मागणी. मग आभार, चहा. बसतं सगळं."

"नाही बसायचं, नाना. दिवेकरकाका परिचय करून द्यायला लागले की..."

"दिवेकरांना मी सांगेन." त्यांनी गुलाबदाणी उजेडात धरून पाहिली. "उल्का, पन्नासहून जास्त वर्षं मी या साहेबांत काढली. गोदीत हेडक्लार्क होतो. साहेबाला कसं वागवायचं ते मला शिकवू नकोस. मान दिला की साहेब विरघळतो."

"पण शमूसाठी..."

"बरं बाई. माझ्या भाषणातलं पहिलं वाक्य मागणीचं. झालं समाधान?"

झालं. त्या दिवशी झालं.

वॉचमन आला, एसी बंद झाला, समई पेटली. टाळ्या. हॉल लगेच तापला. शमूने माझ्या साडीला तोंड घासून कुरकुर सुरू केली. पाच बायकांनी स्वागतगीत म्हटलं. पेटी वाजवणाऱ्या नेनेबाईंनी सूर खालचा धरला, म्हणून पहिलं कडवं पुन्हा झालं. मग दिवेकर परिचयाला उभे राहिले. हॅलमसाहेबांचा परिचय त्यांनी साहेबांच्या आजोबांपासून सुरू केला. तो त्यांनी कुठून मिळवला देव जाणे. साहेबांच्या गावची नदी झाली, शाळा झाली, क्रिकेट झालं.

"आणि क्रिकेट म्हटलं की आम्हा मराठी माणसांचा ऊर कसा भरून येतो, याबद्दल दोन शब्द..."

मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता दिवेकरांचा कोट ओढतील. नाना खुर्चीत ताठ बसले होते, टोपी सारखी करत. त्यांनी माझी नजर पाहिली. आणि त्यांनी दिवेकरांकडे मान डोलावली, चालू दे अशी.

तेव्हा मला ते दिसलं, पण कळलं नाही.

वाटेपलीकडच्या पुरुषांच्या रांगेतून माझा नवरा श्रीरंग वाकून म्हणाला, "शांत बस ना. पाय किती हलवतेस."

"वेळ बघ."

"नाना आहेत ना. बोलतील ते."

शाल झाली. ती पांघरताना साहेबांचा चष्मा पडला. नारळ झाला. साहेबांना तो एका हातात धरावा की दोन्ही, समजेना. फोटोसाठी तो दोनदा द्यावा लागला, कारण पहिल्यांदा फ्लॅश उडाला नाही. मग नाना उठले. पहिलं वाक्य.

"आदरणीय हॅलमसाहेब," नाना इंग्रजीत म्हणाले, सावकाश, एकेक शब्द घासून पुसून ठेवावा तसा. "आज आमच्या छोट्या घरी सूर्य आला आहे."

दुसरं वाक्य बेटाच्या हवेबद्दल होतं. तिसरं इंग्रजी न्यायाबद्दल. मग ते अठरा वर्षांचे असताना बोटीतून इथे उतरले ते आलं, जपान्यांनी बेट घेतलं ते आलं, त्यांनी जखमी टॉमींची, गोऱ्या शिपायांची, स्ट्रेचरं वाहिली ते आलं. लोक गहिवरले. नेनेबाईंनी डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी मनगट हळूच कोटाच्या बाहीतून बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. मग ते शेजारच्या दिवेकरांकडे झुकले, काहीतरी बोलले आणि अर्धवट उठले. खाली त्यांची गाडी उभी होती. नानांनी ते पाहिलं.

"आमच्या पाहुण्यांचा वेळ मोलाचा आहे," नाना म्हणाले. "मी इथेच थांबतो."

थांबतो?

मी कधी उठले ते मला आठवत नाही. शमू कडेवर होती, तिचा एक पाय माझ्या पदरात अडकला होता, आणि मी खुर्च्यांमधल्या वाटेने पुढे चालले होते. मागून श्रीरंगने "उल्का" अशी हाक मारली, दबकी, घरात मारतो तशी नव्हे. मी व्यासपीठाच्या पायरीपाशी थांबले.

"मिस्टर हॅलम," मी म्हणाले. "आमची एक मागणी आहे. नववी जागा आम्हाला द्या. इथे जन्मलेल्या, ज्यांना कुठलाच देश नाही त्यांना. या मुलांना."

हॅलमसाहेब उभे होते. खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शमूकडे पाहिलं. मग ते सभ्यपणे नानांकडे वळले. "मिस्टर खोपकर, ही मंडळाची मागणी समजायची का?"

एक 'हो' पुरेसा होता. मागच्या रांगेतला एक शीख म्हातारा, आमच्या सोसायटीचा रखवालदार, पाहुणा म्हणून आला होता. तो खुर्ची धरून अर्धा उभा राहिला होता, त्या 'हो'साठीच.

नाना हसले. लग्नात व्याह्यांसमोर हसतात तसं.

"ही माझी सूनबाई," ते म्हणाले. "तरुण आई आहे. आया काळजी करणारच. तुम्ही मनावर घेऊ नका. आम्हाला राणीसाहेबांच्या सरकारचा पूर्ण भरवसा आहे. आज आम्ही काही मागायला जमलेलो नाही. तुमचा सत्कार करायला जमलो आहोत."

टाळ्या पडल्या. आधी पुढच्या रांगेत, मग सगळीकडे. दिवेकर गुलाबदाणी घेऊन साहेबांवर पाणी शिंपडायला धावले. थोडं शमूच्या तोंडावर उडालं. ती दचकून रडायला लागली. तिला बाहेर न्यायला मला चांगलं निमित्त मिळालं.

घरी आलो. शमूला औषध पाजून झोपवलं. श्रीरंग बूट काढता काढता म्हणाला, "भर सभेत नानांना तोंडघशी पाडलंस."

"मी पाडलं?"

"खाली आवाज."

पलीकडच्या खोलीत नाना कोट हँगरला लावत होते. बराच वेळ लावत होते.

सोमवारी मी ऑफिसात गेले तेव्हा साहेबांच्या टेबलावर सोंगट्यांच्या मधोमध नारळ ठेवलेला होता. शाल खुर्चीच्या पाठीवर. मसुदा वर गेला होता. पांढऱ्या सोंगटीवर पेन्सिलने एका धंद्याचं नाव लिहिलं होतं. आमचं नव्हतं.

"तुमचे सासरे फार सभ्य गृहस्थ आहेत," हॅलम म्हणाले. "खरं सांगू? मी घाबरत आलो होतो. वाटलं होतं, लोक भांडतील, रडतील. किती नीट झालं सगळं." त्यांनी नारळ उचलून कानाशी हलवला. "हा उघडतात कसा?"

मी सांगितलं. दगडावर आपटून.

पंच्याण्णवला निवडणूक झाली. हॅलमसाहेबांसारख्यांनी आखलेल्या साठही जागा भरल्या. नाना सकाळी लवकर दाढी करून, कोट घालून मत देऊन आले. मी नोकरी करत होते म्हणून मला दोन मतं होती, एक वस्तीचं आणि एक धंद्याचं. मी दोन्ही दिली. दोन मतं आणि देश एकही नाही, असं कोणी कधी झालं असेल का, असं घरी येताना माझ्या मनात आलं. तिकडे चीनने आधीच सांगून ठेवलं होतं, हे कायदेमंडळ आम्ही येऊ त्या दिवशी घरी बसवू.

मग आम्ही कंटाळलो. कंटाळलो म्हणजे घाबरलो. श्रीरंगला सांगलीजवळ एका कारखान्यात काम मिळत होतं. सांगली माझं माहेर. शहाण्णवच्या उन्हाळ्यात आम्ही निघायचं ठरवलं.

"नाना, तुम्हीही चला," मी म्हणाले. सभेनंतर आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो, पण हे मी मनापासून म्हणाले.

"माझं तिकडे कोण आहे आता?"

ते गॅलरीत बसले होते. सामान बांधून झालं होतं. दुपारची उन्हं समोरच्या इमारतीवर होती. शमू गुलाबदाणीत पाणी भरून कुंडीतल्या तुळशीचा सत्कार करत होती. नाना तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"लढाई संपली तेव्हा आम्ही बरेच हिंदी लोक इथे अडकलो होतो. पगार नाही, कागद नाहीत. मला इंग्रजी येई म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. खोपकर, तू बोल. मी गेलो. साहेब आत, मी टेबलासमोर, बाकी सगळे व्हरांड्यात, दारातून बघताहेत. मी स्ट्रेचरं वाहिल्याचं सांगितलं. घरी जायला बोट मागितली. साहेब म्हणाला, तुम्हाला राहायला कोणी सांगितलं होतं? एवढंच. पुन्हा वाचायला लागला."

शमूने त्यांच्या पायावर पाणी शिंपडलं. त्यांनी पाय हलवला नाही.

"आत जाताना सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेर आलो तर एकही जण बघेना. जमिनीकडे बघत होते सगळे. मार परवडला असता, उल्का." ते पुढे म्हणाले, "त्यानंतर मी कोणाकडे काही मागितलं नाही. सत्कार केले. मागितलं नाही की 'नाही' ऐकावं लागत नाही."

"म्हणजे त्या दिवशी दिवेकरांना तुम्ही..."

"मीच सांगितलं होतं," नाना म्हणाले, "परिचय सविस्तर करा म्हणून."

सांगलीत आम्ही परदेशी होतो. पोलीस ठाण्यात नोंद करायला गेले तेव्हा हवालदाराने पाच वर्षांच्या शमूकडे बघून विचारलं, "ही मॅडम कुठल्या देशाच्या?" शमू म्हणाली, "नानांच्या." तो हसला. मीही हसले.

पुढच्या साली, चीन यायच्या काही महिने आधी, लंडनमध्ये कायदा झाला. आमच्यासारख्यांना खराखुरा ब्रिटिश पासपोर्ट द्यायचा. मागणारे दुसरेच होते. काही सिंधी व्यापारी, एक शीख वकील. लंडनवाले त्यांना वर्षानुवर्षं 'नाही' म्हणत होते, आणि ते पुन्हा जात होते. आमच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार कधी झाला नव्हता. कायद्यात एक अट होती. त्या वर्षी फेब्रुवारीत जे तिथे राहत होते, त्यांनाच. आम्ही सांगलीत होतो.

नानांना मिळाला. ते तिथेच होते.

त्यांचा फोन आला तेव्हा मी शमूची वेणी घालत होते.

"अभिनंदन, नाना," मी म्हणाले. मला तसं म्हणता आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

"कसलं अभिनंदन? रांगेत उभा राहिलो, दिला." मग ते खाकरले. "शमूचं विचारलं मी."

मी वेणी सोडून दिली.

"पासपोर्टच्या खिडकीत एक मुलगी होती. म्हणाली, ती इथे राहत नव्हती. मी म्हटलं, जन्म इथला, माझ्या मांडीवर वाढली. म्हणाली, नाही. मोठ्याने म्हणाली. मागच्या सगळ्या रांगेने ऐकलं."

"नाना, राहू दे आता."

"उद्या परत जातो," नाना म्हणाले. "उद्या खिडकीत दुसरं कोणी असेल."

ते गेले. दुसऱ्या दिवशी गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. सुट्टीचा दिवस सोडला तर पावसातही गेले, सत्काराचा तो कोट घालून. पुढे दिवेकर सुट्टीवर आले तेव्हा आमच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. दिवेकर असूनही ते फार थोडक्यात बोलले. जूनच्या अखेरीस साहेब लोक आवराआवर करत होते. त्या दिवशी रांग नव्हतीच. नाना एकटेच होते. आतले दिवे मालवले, आणि एक चिनी शिपाई खिडकीची लोखंडी जाळी खाली ओढायला लागला. नाना पुढे झाले, टोपी काढली, जाळीवर हात ठेवला.

"मिस्टर," ते म्हणाले, "आमची एक मागणी आहे."